गाण्यांचा कारखाना

डेट्रॉइट हे अमेरिकेतील मोटारींचे शहर. तेथील फोर्ड कंपनीच्या कारखान्यात बेरी गॉर्डी हा कृष्णवर्णीय तरुण काम करीत असे. सरकत्या पट्ट्याच्या एका टोकाला नुसता लोखंडी सांगाडा चढे आणि दुसऱ्या टोकाने झगझगीत नवी मोटार बाहेर पडे. ते पाहून त्याच्या मनात आले, गाणीही अशीच का घडवू नयेत?

१९५९ साली घरच्या मंडळींकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय मांडला. शहराच्या नावावरून कंपनी ‘मोटाउन’ म्हणून ओळखली गेली. राहत्या वस्तीतील एका घरात ध्वनिमुद्रणाची खोली सजली, आणि दारावर ‘हिट्सव्हिल’, म्हणजे गाजलेल्या गाण्यांचे गाव, अशी पाटी झळकली. पाटी आधी लागली. बहुतेक गाणी मागाहून गाजली!

येथे कोणी गीत रची, कोणी चाल बांधी, कोणी वाद्ये वाजवी. तयार गाण्याची मग बैठकीत परीक्षा होई. खिशात शेवटचा डॉलर उरला असेल, तर ही तबकडी घ्याल की पोटासाठी सँडविच? या प्रश्नापुढे भलीभली गाणी गारद होत. मोटारीतल्या रेडिओसारख्या लहानशा कर्ण्यावरही गाणे वाजवून पाहत. कारण तरुण श्रोते ते तेथेच ऐकणार होते.

कसे चालावे, कसे बसावे, कसे बोलावे, याचे धडे मॅक्सीन पॉवेल नावाच्या बाई गायकांना देत. हा निव्वळ नखरा नव्हे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या पंक्तीला बसण्याचीही बंदी होती. गॉर्डीला तर गोऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरायचे होते. आणि तो शिरला! गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी चाळींत वाढलेल्या तीन मुलींचा ‘सुप्रीम्स’ हा संच १९६४-६५ मध्ये लागोपाठ पाच गाण्यांनी देशात पहिला आला.

या यशाचे मोल मात्र थोडे नव्हते. १९६६ साली ‘आयझ्ली ब्रदर्स’ या कृष्णवर्णीय गायकांच्या एका तबकडीच्या वेष्टनावर चित्र छापले गेले ते एका गोऱ्या जोडप्याचे. ज्या वादकांच्या बोटांवर सारा डोलारा उभा होता, त्यांची नावे तर वेष्टनावर कोठेच नसत.

मार्विन गे हा या कारखान्याचा लाडका गायक. प्रेमगीतांनी त्याला कीर्ती दिली होती. त्याचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परतला, तो तेथील भीषण हकीकती घेऊनच. १९७० साली मार्विनने युद्ध आणि अत्याचार यांविषयी तळमळून विचारणारे एक गीत ध्वनिमुद्रित केले. असले गाणे खपणार नाही, असे गॉर्डीचे मत पडले. हे गीत निघाल्याखेरीज दुसरे गाणार नाही, असे मार्विनने निक्षून सांगितले.

जानेवारी १९७१ मध्ये ते गीत बाहेर पडले आणि हातोहात खपले. तेव्हा गॉर्डीनेच तशा गीतांची पूर्ण तबकडी मागितली. मे महिन्यात ती आली. तिच्या वेष्टनावर वादकांची नावे छापलेली होती.