कृष्णाकाठी नवी बाराखडी

सातारा आणि सांगली हे पूर्वी एकाच जिल्ह्याचे दोन भाग. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले तरी नदी एकच, आणि कष्टकऱ्यांची दुखणीही एकच. गेले वर्षभर आम्ही काही नोकरदार कार्यकर्ते महिन्यातले दोन रविवार या वाटेवर असतो. कामासाठी लागणारे ऑनलाईन अर्ज, कागद आणि नोंदी आपल्या माणसांना स्वतः करता याव्यात, एवढाच हेतू. या फिरतीत जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

साताऱ्यात आलेल्या माणसाने राजवाड्यातील शाळेची आठवण ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव तेथे दाखल झाले. रजिस्टरातील नोंद क्रमांक १९१४. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाईने लिहिलेल्या एका ओळीचे मोल काय असते, हे आपल्या समाजाला सांगायला नको. आजही जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि आजोबांच्या शाळेचे जुने रजिस्टर शोधावे लागते. फरक एवढाच की, तो उतारा आता ऑनलाईन अर्जाला जोडावा लागतो. जुना कागद कुठे मिळेल आणि तो पडद्यावर कसा चढवायचा, ही दोन्ही कामे ज्याला जमतात, त्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

आम्ही स्वतः कारकुनी करणारे. मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा खडखड वाजणाऱ्या यंत्रावर दिली. पुढे संगणक आला, पण प्रत्येक टेबलाचा फॉन्ट निराळा. एका कचेरीतले पत्र दुसरीकडे उघडले की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत. युनिकोड आले आणि ही अडचण मिटली, पण त्यासाठी कळफलक नव्याने शिकावा लागला. कचेरी सुटल्यावर रोज अर्धा तास बसून दोन महिन्यांत बोटे वळली. शिकवणारा मुलगा आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आपल्याहून लहान माणसाकडून शिकण्यात कमीपणा नाही, हे घरोघरी सांगण्यासारखे आहे.

साताऱ्याहून रेल्वेने निघाले की कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड अशी स्टेशने येतात. पुढे ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. खिडकीबाहेर ऊसच ऊस. डब्यात जवळजवळ प्रत्येकाच्या हाती फोन. गाणी, फोटो, निरोप सगळे चालू. पण कामाचा अर्ज म्हटले की तोच माणूस फोन दुसऱ्याच्या हाती देतो.

या ऊसपट्ट्याने संगणकाचा प्रयोग फार आधी पाहिला आहे. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वारणा वाहते. १९९८ साली वारणानगर परिसरातील दोन्ही जिल्ह्यांची सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. गावात केंद्र उघडायचे आणि तेथे ऊसाची नोंद, वजन, बिल, बाजारभाव, सरकारी माहिती सगळे मिळायचे, अशी ती कल्पना. काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा संगणकाचा उपयोग मुख्यतः ऊसाच्या हिशेबापुरताच होत असल्याचे आढळले. मग २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना आवडलेही.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. माणूस साधन शिकतो ते त्यात त्याचे स्वतःचे काम असेल तेव्हा. ज्याचा ऊस होता त्याला केंद्रावर जायचे कारण होते. ज्याच्या हाती नुसता कोयता, त्याच्या नावाचे बिल तेथे निघणार कसे? आणि दुसरी गोष्ट अशी की, साधन महागडे असण्यापेक्षा हाताशी असलेले बरे.

शिकण्याची सगळी जबाबदारी मात्र कामगारावर टाकून चालणार नाही. अंगणवाडीच्या ताईंचेच पाहा. २०२१ साली पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले. नोंदी इंग्रजीत, आधी मिळालेले फोन कमी क्षमतेचे आणि वारंवार बंद पडणारे. त्या वर्षी राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यांना शिकायचे नव्हते असे नाही. भाषा आपली हवी आणि यंत्र चालणारे हवे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. काम देणाऱ्याने साधन दिले तर शिकवणेही दिले पाहिजे, ही मागणी रास्तच आहे.

सांगलीत उतरल्यावर कागदांची निराळीच कहाणी ऐकू येते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. खालच्या वस्त्यांत भांडीकुंडी गेली, तसे दाखले आणि गुणपत्रिकांचाही लगदा झाला. म्हणून आमच्या रविवारच्या वर्गात पहिला धडा डिजिलॉकरचा असतो. त्यात आलेला दाखला नियमाप्रमाणे मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो आणि तो पुरात भिजत नाही.

दुसरा धडा ई-श्रमचा. असंघटित कामगारांची ही नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. कामगाराला १२ अंकी क्रमांक मिळतो आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. हळद निवडण्याच्या कामावर जाणाऱ्या एका मावशींचे कार्ड आम्ही पाहिले. नाव त्यांचे, पण मोबाईल नंबर अर्ज भरून देणाऱ्याचा. म्हणजे प्रत्येक ओटीपी त्या माणसाकडे आणि प्रत्येक वेळी मावशी त्याच्या पाया पडायला. आधार केंद्रावर अंगठा देऊन त्यांचा स्वतःचा नंबर जोडून घेतला, मग कार्डावरचाही बदलला. पुढच्या रविवारी त्यांनी शेजारणीला बरोबर आणले आणि ओटीपी कुठे येतो ते स्वतःच दाखवले. आमच्या आधी त्यांनीच तिला शिकवले.

वाचक बंधू-भगिनींनी एवढे जरूर करावे. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी नंबर आपलाच द्यावा. पासवर्ड घरच्या वहीत लिहून वही जपून ठेवावी. ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर कळवावे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांना आठवड्यातून एक तास शिकवावे, पण त्यांच्या हातातला फोन काढून घेऊन नव्हे. बटण आईनेच दाबावे, मुलाने शेजारी बसावे. वेळ लागेल, अक्षर चुकेल, पुन्हा करावे लागेल. पण पुढच्या वेळी तिला कोणाला विचारावे लागणार नाही.