फरशीची वेळ

घर बांधताना पाया प्रथम घालतात, मग भिंती उभ्या राहतात आणि त्यांवर छप्पर चढते. या क्रमात घरातील जमीन केव्हा तयार होते, असे विचारले, तर ‘पायानंतर लगेच’ असेच उत्तर बहुधा मिळेल. वस्तुतः सर्वांत खाली असणारी ही जमीन जवळजवळ सर्वांच्या शेवटी होते. जुन्या मातीच्या घरांतही रीत हीच होती. छप्पर शाकारून व भिंती लिंपून झाल्या, की मग आत मुरूम पसरीत, पाणी शिंपडून तो धुमसाने ठोकीत आणि अखेर शेणाने सारवीत. सारवलेली जमीन बिघडली, तर दुसऱ्या दिवशी नीट करता येई. दगडी फरशीला मात्र अशी क्षमा ठाऊक नसते.

एका गृहस्थांनी गावाबाहेर लहानसे घर बांधावयास काढले. छत पडले. अक्षय्य तृतीयेस वास्तुशांत करावयाची, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. कर्नाटकातील शहाबादची करडी फरशी अंगणात येऊन पडताच त्यांना धीर धरवेना.

“मिस्त्री, आधी फरशी बसवून टाका. म्हणजे घराला घरपण येईल,” ते म्हणाले.

“दादा, अजून नळ व्हायचे आहेत, गिलावा व्हायचा आहे,” वृद्ध गवंडी म्हणाला. “फरशीची वेळ अजून आली नाही.”

परंतु उतावळेपणापुढे अनुभवाचे काय चालणार? माजघरात फरशी बसली. दोन दिवस गुडघ्यांवर बसून गवंड्याने एकेक फरशी पाणसळ लावून बसविली होती. गृहस्थ मोठ्या कौतुकाने ती पाहत राहिले.

पुढे गिलाव्याचे काम निघाले. परांचीच्या बांबूंनी फरशीवर ओरखडे उठले. सिमेंटचे गोळे पडून सुकले व डाग धरून बसले. इतक्यात नळाचा कारागीर आला. न्हाणीघराकडे जाणारी नळी माजघराखालून न्यावयाची राहून गेली होती. छिन्नीचे घाव पडले आणि चार फरश्या फुटल्या. गवंडी काही बोलला नाही. खाली बसून तो तुकडे गोळा करू लागला. ते पाहून गृहस्थांची मान खाली गेली.

“मिस्त्री, चूक माझी झाली. आता सारे तुमच्या क्रमाने होऊ द्या,” ते म्हणाले.

अक्षय्य तृतीया निघून गेली. काम मात्र रीतीने होऊ लागले. जे जमिनीखाली व भिंतींत दडावयाचे, ते आधी झाले. नळ आणि विजेच्या तारांच्या नळ्या बसल्या. गिलावा झाला व त्यावर आठवडाभर पाणी मारले गेले. मग पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या साहाय्याने गवंड्याने खोल्यांच्या चारी भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा केल्या आणि त्या धरून उरलेली फरशी बसविली. न्हाणीघरात मोरीच्या तोंडाकडे थोडा उतार ठेवला. दारांच्या चौकटी पूर्वीच बसल्या होत्या. झडपा मात्र फरशीची उंची पाहून, खालून तासून लावल्या. रंगाचा अखेरचा हात सर्वांच्या शेवटी फिरला.

पुढच्या मुहूर्तावर वास्तुशांत झाली. गृहस्थांच्या धाकट्या मुलीने न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतले. ते कोणी न लोटता मोरीकडे धावले, तेव्हा तिला मोठी गंमत वाटली. माजघरातील चार फरश्या मात्र इतरांहून वेगळ्या छटेच्या होत्या. त्यांच्यावर सतरंजी अंथरावी, असे कोणी सुचविले. पण गृहस्थांनी ते मानले नाही. पाहुण्यांनी विचारले, की ते शांतपणे सांगत,

“एवढी घाई माझी, बाकीची फरशी मिस्त्रींची.”