हम दोनो

सीमाभागात मराठी शिकविणाऱ्याच्या कानी ‘भेसळ’ हा शब्द वारंवार पडतो. आमच्या कडोलीची मुले मराठी बोलता बोलता कानडी हेल काढतात आणि पालक काळजीने विचारतात, “सर, पोरांची भाषा बिघडत चालली काय हो?” या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस व्याकरणापेक्षा एका गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिकांचे साहाय्य अधिक झाले.

अमान्सिओ डिसिल्वा हे ते वादक. गोमंतकीय कुटुंबातील या कलावंताचा जन्म १९३६ साली मुंबईस झाला. पुढे ते लंडनला गेले. तेथे १९६९ साली त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही जॅझ संगीताची ध्वनिमुद्रिका निघाली. तीत गंगा आहे, जयपूर आहे, मुंबईचा एक रस्ताही आहे. साथीला मात्र ब्रिटिश वादकांचे सॅक्सोफोन आणि ट्रंपेट. त्याच वर्षीच्या ‘हम दोनो’मध्ये जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट त्यांच्या जोडीला बसले.

जॅझमध्ये आरंभी एक चाल मांडतात. मग प्रत्येक वादक आपल्या प्रतिभेने तिचा विस्तार करून पुन्हा मूळ चालीवर येतो. बंदिशीचा मुखडा आणि सम जाणणाऱ्या आपल्या कानांस हे परके वाटत नाही. डिसिल्वांची गिटार रागदारीकडे झुकते, हॅरियट आपल्या वळणानेच उत्तर देतात. कोणी कोणाची नक्कल करीत नाही. शीर्षकातील ‘दोनो’ अखेरपर्यंत दोनच राहतात. म्हणून त्यांचा संवाद रंगतो.

मराठीनेही हेच केले आहे. अण्णा, अक्का, अडकित्ता कानडीतून आले. बटाटा, चावी, पगार पोर्तुगीजांकडून. त्यांना आपले प्रत्यय लावून तिने घरात घेतले, कारण तिचे घर भक्कम होते. आज इंग्रजी शाळेच्या ओढीने मुलांचे मराठी वाचनच सुटले, तर आल्यागेल्यास घरात घेणार कोण?

म्हणून पालकांना आम्ही सांगतो : कानडी अवश्य शिकवा, चांगली शिकवा, पण रोज रात्री मुलाकडून मराठीचे एक पान मोठ्याने वाचून घ्या. आपला सूर पक्का असलेल्यानेच दुसऱ्याच्या मैफलीत निर्धास्तपणे बसावे.