पहिले वर्ष

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मी इंग्रजीत नापास झालो. एटीकेटी मिळाल्यामुळे दुसऱ्या वर्गात बसता येणार होते. पण घरी हे समजावणार कसे? अण्णांनी विचारले, "मग आता कालेज सुटलं का रं?" मी खेकसलो, "तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" अण्णा काही न बोलता बैल सोडायला उठले.

त्याच सुटीत अमेरिकन फुटबॉलमधील दोन खेळाडूंविषयी वाचनात आले. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणाला ठाऊक नाही. त्यातला 'क्वार्टरबॅक' म्हणजे चढाईचा सूत्रधार. चेंडू कोणाकडे फेकायचा, हे त्याने क्षणार्धात ठरवायचे. १९९८ साली व्यावसायिक संघांनी महाविद्यालयांतून नवे खेळाडू निवडले, तेव्हा पहिला मान पेटन मॅनिंगला मिळाला आणि दुसरा रायन लीफला. दोघांत सरस कोण, यावर जाणकारांत वाद होता.

सुरुवात लीफची चांगली झाली. त्याच्या सॅन डिएगो संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले. मॅनिंगचा इंडियानापोलिस संघ पहिले चारही हरला. मग तिसऱ्या सामन्यात लीफच्या पंधरा फेकींपैकी एकच साथीदाराच्या हाती पडली. त्यानंतर तो एका वार्ताहरावर सर्वांदेखत ओरडला. ४ ऑक्टोबरला दोघे समोरासमोर आले आणि मॅनिंगला १७-१२ असा पहिला विजय मिळाला.

म्हणून मॅनिंगचे वर्ष यशाचे होते असे नव्हे! १६ पैकी १३ सामने त्याचा संघ हरला. त्याच्या २८ फेकी प्रतिपक्षाने मध्येच हिरावल्या, लीफच्या १५. मात्र मॅनिंग सोळाही सामने खेळला आणि त्याच्या २६ फेकींवर गोल झाले. लीफ दहाच सामन्यांत उतरला; त्याच्या अशा फेकी फक्त दोन. पुढच्या वर्षी मॅनिंगच्या संघाने १३ सामने जिंकले. लीफ मात्र खांद्याच्या दुखापतीमुळे ते वर्षभर बाहेर राहिला आणि २००२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

चिकाटी जिंकली, उतावळेपणा हरला, असे तात्पर्य काढणे सोपे आहे. मला मात्र दुसरीच गोष्ट जाणवली. मॅनिंगचे वडील आर्ची हे स्वतः क्वार्टरबॅक होते, आणि न्यू ऑर्लिन्सच्या संघाकडून त्यांनी वर्षानुवर्षे पराभव पाहिले होते. हरलेल्या वर्षानंतरही वर्ष असते, हे त्या घराला ठाऊक होते. आमच्या घरात तर नापास होणाराही मीच पहिला! अण्णांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पुढे वाट आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. आणि वाट पाहिलेला घरात मी एकटाच होतो.

हिवाळ्यात विषय सुटला. अण्णांना मी एटीकेटी म्हणजे काय ते नीट समजावून सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे दुबार पेरणीच की!"

येत्या जूनमध्ये धाकटी बहीण महाविद्यालयात येईल. तिचा एखादा विषय राहिलाच, तर घरात विचारायला एक माणूस असेल.