उन्हात तापलेलं पाणी

कोंढव्यात थंडी पडते असं सांगितलं की मुंबईचे नातेवाईक हसतात. त्यांनी एकदा जानेवारीत आमच्याकडे मुक्कामाला यावं आणि फजरच्या वेळी नळाखाली हात धरावा. बाहेर पारा दहा अंशांच्या आसपास आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं. तरुण माणूस दात आवळून वजू उरकतो. गुडघे आणि बोटांचे सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही. आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत आणि त्यातल्या निम्म्या घरांत तरी असं एक माणूस आहे.

गावी, म्हणजे रत्नागिरीकडे, आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. नारळाची सोडणं, करवंट्या, सुकलेल्या झावळ्यांचे तुकडे, जे हाताला लागेल ते त्यात जायचं. गरम पाणी फुकट मिळतं असं आम्हा पोरांना वाटायचं, कारण आम्ही उठायच्या आधी तासभर अम्मी उठलेली असायची. धुरानं तिचे डोळे लाल व्हायचे. पुण्यात आल्यावर बंबाच्या जागी गिझर आला, धूर गेला. पण बटण दाबायला पहाटे उठायची ती अम्मीच.

तो गिझर किती वीज खातो याचा हिशेब अवघड नाही. वीस अंशांचं पंधरा लिटर पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला साधारण पाऊण युनिट लागतं. पाच माणसांच्या घरात आंघोळी, भांडी, वजू धरून दिवसाला तीन युनिटं सहज होतात, महिन्याला नव्वद. महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात. शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. दोनशे चाळीस युनिटांचं घर या नव्वदामुळे तीनशेच्या वर जातं आणि वरच्या युनिटांना जास्त दर लागतो. त्यात आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी. क्षारांचा पांढरा थर गिझरच्या कॉइलवर बसतो, मग पाणी तापायला वेळ जास्त आणि दोन-तीन वर्षांत कॉइल बदला.

म्हणून गच्चीवर सगळ्यांचा मिळून सोलर बसवायचा विषय सोसायटीच्या बैठकीत निघाला. बैठक म्हणजे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसणं. पहिला अर्धा तास ‘पीएम सूर्यघर’मध्ये गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेली ती योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही, हे दोन-तीनदा सांगावं लागलं. पाणी तापवणाऱ्या सोलरचं केंद्राचं अनुदान 2014 मध्येच थांबलं. महापालिका मात्र सोलर, पावसाचं पाणी जिरवणं किंवा गांडूळखत यांपैकी एक केलं तर मिळकतकरात पाच टक्के आणि दोन केले तर दहा टक्के सवलत देते. हा आकडा ऐकल्यावर मागच्या रांगेतली मंडळी खुर्ची पुढे ओढून बसली.

एकानं हीट पंप सुचवला. हे यंत्र एसीच्या उलट काम करतं. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं, त्यामुळे गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापतं. ढगाळ दिवसातही चालतं. पण किंमत जास्त, बिघडलं तर मेकॅनिक सहज मिळत नाही. तो विषय तिथेच राहिला. उन्हाचं पाणी घ्यायचं यावर बहुतेकांचं एकमत होत आलं आणि तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या चाचांनी हात वर केला.

चाचा आमच्यासारखेच कोकणातले. उमर जहाजावर इंजिनरूममध्ये गेली. त्यांनी विचारलं, “उन्हात तापलेल्या पाण्यानं वजू मकरूह आहे, असं आम्हाला मकतबमध्ये शिकवलंय. त्याचं काय?”

पोरं हसली. एकजण म्हणाला, “चाचा, मग समुद्राचं पाणी काय फ्रिजमध्ये तापतं का?” मला ते हसणं आवडलं नाही. चाचा मनचं काही सांगत नव्हते. कोकणातले मुसलमान, अरब व्यापाऱ्यांशी जुना संबंध असल्यामुळे, बहुतेक शाफिई आहेत. पुण्यात आजूबाजूला हनफी जास्त. शाफिई फिकहच्या किताबांत पाण्याच्या प्रकरणात ‘माउल मुशम्मस’, म्हणजे उन्हानं तापलेलं पाणी, हा खरोखरचा विषय आहे. आमच्या अब्बांच्या पेटीतल्या जुन्या उर्दू किताबातही तो होता, म्हणून मी घरी येऊन पाहिला आणि मग जमेल तितकं वाचत गेलो.

वाचलं ते मला फार रंजक वाटलं. मकरूह म्हणजे हराम नव्हे. वजू होते, फक्त टाळावं असं म्हटलेलं. आणि त्यालाही अटी. मुलूख उष्ण हवा. भांडं ठोकून घडवलेल्या धातूचं, म्हणजे तांब्या-लोखंडाचं हवं, सोन्या-चांदीचं नव्हे. मातीच्या मडक्यातलं पाणी उन्हात तापलं तर हरकत नाही. पाणी गरम असतानाच अंगावर घेतलं जात असलं पाहिजे, थंड झाल्यावर कराहत राहत नाही. याचं कारण नापाकी नाही. अशा पाण्यानं कातडीवर कोड उठतं अशी भीती होती, आणि त्याबद्दल हजरत उमर यांच्या नावानं एक रिवायत सांगितली जाते. खुद्द इमाम शाफिई ‘अल-उम्म’मध्ये सांगतात की वैद्यकाची बाजू सोडली तर आपल्याला हे पाणी नापसंत नाही. पुढे तेराव्या शतकात इमाम नववी आले. ते स्वतः शाफिई मजहबचे मोठे आलिम. त्यांनी या सगळ्या रिवायती तपासल्या, पुरावा कमजोर ठरवला आणि दलीलच्या दृष्टीनं कराहत नाही याच बाजूला वजन दिलं.

म्हणजे प्रश्न सगळा भांड्याचा, उष्णतेचा आणि कातडीचा. आठशे-हजार वर्षांपूर्वी माणसं विचारत होती की धातूतून पाण्यात काही उतरतं का आणि ते अंगाला लागतं का. यात हसण्यासारखं काय आहे?

हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ठीक. मग टाकी कशाची आहे ते विचार.” कोटेशन घेऊन आलेल्या माणसाला आम्ही लिटर आणि रुपये यांपलीकडे काहीच विचारलं नव्हतं. आता चाचा पुढच्या खुर्चीत. नळ्या कशाच्या? काचेच्या, दुहेरी भिंतीच्या, दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी, थर्मासच्या बाटलीसारखी. आतल्या काचेवर काळसर लेप, तो ऊन पितो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर टाकीत चढतं, पंप लागत नाही. आणि टाकी? आतून स्टील. बोअरच्या खाऱ्या पाण्याला हे स्टील टिकेल का? त्यावर तो माणूस जरा थांबला आणि म्हणाला, अशा पाण्याला आतून काचेसारखा मुलामा दिलेली टाकी बरी, थोडी महाग पडेल. हे त्यानं आधी सांगितलं नव्हतं. आम्ही मुलाम्याची टाकी घेतली. तिच्यात धातूची एक कांडी असते, ती आधी झिजते आणि टाकी वाचते, म्हणून ती मधूनमधून बदलायची, हेही चाचांनीच वहीत लिहून घ्यायला लावलं. जहाजावर हेच करत होतो, म्हणाले.

दुसरा वाद रिटर्न लाइनचा. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपातलं पाणी रात्रभरात थंड होतं. तळमजल्यावर नळ उघडला की गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जातं. शेजारच्या इमारतीत हेच चाललंय. ते टाळायचं तर पाइपाचं दुसरं टोक परत टाकीला जोडायचं आणि छोट्या पंपानं पहाटे काही मिनिटं पाणी फिरवायचं. यासाठी घरटी खर्च वाढत होता आणि वरच्या मजल्यावरच्यांना त्याचा फायदा कमी. “आम्ही का द्यायचे?” हा प्रश्न अगदी चुकीचा नव्हता.

पण हिशेब बघा. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वजू करत, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मुद्द म्हणजे ओंजळीचं माप, लिटरभरसुद्धा नाही. तेवढ्या पाण्याच्या वजूसाठी पंधरा लिटर गार पाणी मोरीत सोडायचं, तेही मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्या सोसायटीत! एवढं सांगितल्यावर वरच्यांपैकी दोघं तयार झाले, बाकीचे त्यांच्याकडे बघून. चेअरमनसाहेबांनी मात्र वेगळाच मुद्दा काढला की गार पाण्यानं त्रास सोसून केलेल्या वजूचं सवाब मोठं. खरं आहे, हदीस आहे. पण त्रास असतानाही वजू पुरी करण्याची तारीफ आहे, घरात गरम पाणी असताना त्रास शोधायला कुणी सांगितलेलं नाही. शिवाय हे सवाब चेअरमनसाहेब स्वतः कधी गिझर बंद ठेवून कमावताना दिसले नाहीत.

सगळ्यात कडू भाग भाडेकरूंचा होता. दोन फ्लॅटचे मालक आखातात. त्यांनी पैसे द्यायला नकार दिला, आम्ही तिथं राहत नाही म्हणून. एका घरात शिकवण्या घेणारी एक विधवा बाई, तिची सासू आणि दोन मुलं. बैठकीत सहज कुणीतरी म्हणालं की मग त्या दोन घरांना जोडणी देऊ नका. पाइप त्यांच्याच मोरीच्या भिंतीवरून खाली जाणार, आणि त्यांना नाही. ती बाई बैठकीत नव्हती, भाडेकरूंना बोलावण्याची पद्धत नाही. मला ही पद्धतच चुकीची वाटते. सकाळी उठून पाणी तापवणाऱ्यांपैकी एकही बाई त्या खुर्च्यांवर नव्हती, आमच्या घरातलीसुद्धा नाही, तरी निर्णय त्यांच्या पहाटेचा होता.

जोडणी सोळाही घरांना दिली. दोन मालकांचा वाटा थकबाकी म्हणून सोसायटीच्या वहीत लिहिला आणि तोवर दुरुस्ती निधीतून भरला. एकानं ईदला आल्यावर पैसे दिले. दुसऱ्यानं अजून दिलेले नाहीत.

आता दोन हिवाळे झाले. पुण्याची एक गोष्ट चांगली, थंडीत आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे ज्या दिवसांत गरज जास्त त्या दिवसांत ऊनही भरपूर. पावसाळ्यात आठवडाआठवडा ढग, तेव्हा गिझर चालवावाच लागतो, म्हणून कुणी तो काढून टाकला नाही. आमच्या घरचं बिल थंडीत तीनशे युनिटांच्या आत राहिलं. अम्मी आता पहाटे नळ सोडते आणि लगेच हात धुते. पहिल्या दिवशी तिनं बोट लावून पाहिलं आणि विचारलं, “कोण उठलं होतं?”

नवं भांडण वेगळं आहे. टाकीत कालच्या उन्हाचं पाणी असतं. जितकं काढाल तितकं खालून गार पाणी भरतं. फजरला उठणाऱ्यांना कढत मिळतं, रविवारी नऊला उठणाऱ्यांना कोमट. नऊवाल्यांचं म्हणणं, फजरवाले बादल्या भरून ठेवतात. यात थोडं तथ्य आहे. गरम पाणी कपड्यांना वापरायचं नाही असा ठराव झाला, पाळतात किती ते माहीत आहे.

पुढचा प्रश्न रमजानचा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये जानेवारीच्या सुरुवातीला रमजान येईल आणि डिसेंबरच्या अखेरीला त्याच वर्षात दुसऱ्यांदा सुरू होईल. ऐन थंडीत सोळाही घरं एकाच वेळी सेहरीला उठणार, भांडी, वजू, गुसल सगळं तासाभरात. दोन हजार लिटर पुरतील का? चाचा म्हणतात, नळ्यांची आणखी एक रांग पश्चिमेच्या कठड्यापाशी बसते, त्यांनी टेपनं मोजून ठेवलंय. त्या थकलेल्या वाट्याचे पैसे आले तर त्यातून सुरुवात करता येईल.