हात वर करा

‘मी वर्गात कुणाची जात बघत नाही.’ हे वाक्य मी सव्वीस वर्षं अभिमानानं म्हणत आले. मी रसायनशास्त्र शिकवते. ब्युरेटचं रीडिंग घ्यायला आडनाव लागत नाही, डोळा लागतो, असं मुलांना सांगायची आणि ते मला मनापासून पटलेलंही होतं. म्हणून आमच्याकडे समान संधी कक्ष सुरू करायचं ठरलं तेव्हा विभागाच्या बैठकीत मी विरोध केला. आरक्षणातून प्रवेश मिळतो, तो मिळायलाच हवा. पण आत आल्यावर सगळे सारखे, मग आणखी कक्ष आणि अधिकारी कशाला? उगाच मुलांमध्ये फूट पडेल, असंही बोलले. ते मत मी आता सोडलं आहे.

दरवर्षी कार्यालयातून निरोप यायचा की महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलची मुदत संपत आलीय, मुलांना आठवण करा. हजेरी झाली की मी विचारायची, ‘जीओआयचे फॉर्म कुणाकुणाचे राहिलेत? हात वर करा.’ जीओआय म्हणजे राखीव प्रवर्गातल्या मुलांसाठीची भारत सरकार शिष्यवृत्ती. हात वर व्हायचे, मी रोल नंबर टिपून घ्यायची, दोन मिनिटांत काम व्हायचं. मी मदतच करत होते, अशीच माझी समजूत.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायची. टायट्रेशनमध्ये तिचा हात इतका स्थिर की फिका गुलाबी रंग टिकला त्या थेंबालाच नळ बंद व्हायचा. तिचं रीडिंग मी पुन्हा तपासत नसे. त्या वर्षी तिचा हात एकदाही वर झाला नाही. अर्ज राहिला, मुदत गेली, सगळी फी अंगावर आली. शेवटच्या सत्राचा परीक्षा अर्ज तिनं भरलाच नाही. मी तिला केबिनमध्ये बोलावलं. प्रयोगवहीच्या कव्हरचा कोपरा नखानं सोलत ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मॅडम, हात वर केला असता तर माझ्या बाकावरच्या मुलींना कळलं असतं. आम्ही एका डब्यातून जेवतो.’

मी जात बघत नव्हते, हे खरं असेलही. पण दरवर्षी अख्ख्या वर्गाला ती दाखवत होते.

त्या रात्री मी यूजीसीचे २०१२चे समतेविषयीचे विनियम पहिल्यांदा नीट वाचले. ‘वाचले’ अशी सही त्यांच्यावर मी कधीच केलेली होती. वर्गात विद्यार्थ्याची जात-जमात जाहीर करू नये, राखीव प्रवर्गातला म्हणून त्याच्यावर शिक्का मारू नये, हे त्यात लिहिलेलं आहे. समान संधी कक्षही त्यातलाच. रोहित वेमुला या विद्यार्थ्यानं २०१६मध्ये हैदराबादला आत्महत्या केली, डॉ. पायल तडवीनं २०१९मध्ये मुंबईत; दोन्ही वेळा जातिभेदाचा आरोप झाला. त्या दोघांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा हेच नियम नीट राबवा असं त्यांचं मागणं होतं. त्या बातम्या वाचून मी रडले होते. माझ्या हजेरीपटाशी त्यांचा काही संबंध असेल, हे मनातही आलं नव्हतं.

शाहू महाराजांवर मी दर २६ जूनला, त्यांच्या जयंतीला, बोलते. १९०२च्या हुकमानं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांसाठी ठेवल्या, हे ठासून सांगते. वसतिगृहांचा उल्लेख मात्र शेवटी, राजाचं औदार्य म्हणून यायचा. आता वाटतं, खरी जाण तिथेच होती. खेड्यातलं पोर कोल्हापुरात शिकायला आलं तर रात्री पथारी कुठे टाकणार, कुणाच्या पंगतीला बसणार, हे हुकमानं सुटत नाही. त्याची वेगळी तजवीज करावी लागते. महाराजांनी ती केली. मला हे उमगायला एक विद्यार्थिनी गमवावी लागली.

समान संधी कक्ष हवा, हे आता पटलंय; पण त्याच्या नावानं होणाऱ्या पोस्टर स्पर्धा मला अजूनही पटत नाहीत. फोटो निघतात आणि संपतं. त्यात दुपार जाते याचा राग येतो.

आता मी वर्गात विचारत नाही. चाळीसच्या चाळीस जणांना रोल नंबरप्रमाणे एकेक करून केबिनमध्ये बोलावते आणि दार लोटून घेते. फी, मेस, खोलीचं भाडं, फॉर्म, सगळ्यांना सगळं विचारते. कुणाला कशापायी वेळ लागला ते बाहेर कळत नाही. तीन दुपारी लागतात. सहकारी म्हणतात, व्हॉट्सॲपवर लिंक टाका, होऊन जाईल. तीही टाकते. पण दोघं-तिघं असे असतातच की जे समोर बसल्यावर दहाव्या मिनिटाला तोंड उघडतात.

ती मुलगी गावाजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागली आहे. राहिलेल्या सत्राची परीक्षा दे, फीचं मी बघते, असं तिला दोनदा फोन करून सांगितलं. ‘घरी विचारून कळवते, मॅडम,’ म्हणाली. अर्ज अजून आलेला नाही.