एका दिवसाचं माहेर

आमच्या सासूबाई आता ८३ वर्षांच्या आहेत. लग्न होऊन निपाणीत आल्या त्याला साठ वर्षं केव्हाच उलटून गेली. भाषाही आमच्यासारखीच झाली, म्हणजे मराठीत अधूनमधून कानडी आणि कानडीत निम्मी मराठी. पण दुपारच्या झोपेतून एकदम जाग आली की अजूनही म्हणतात, "मले पाणी दे वं." त्यांच्या माहेरची बोली! आणि ते माहेर आहे सौंसर.

नाव सांगितलं की शेजारणी हमखास विचारतात, "सासर?" त्यावर सासूबाईंचं ठरलेलं उत्तर, "सासर इथं. सौंसर तिकडं."

तिकडं म्हणजे मध्य प्रदेशात, नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटरवर. नागपूरहून सावनेर, मग राज्याची हद्द, मग सौंसर. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यातला हा तालुका २०२३ साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. पण पाट्या हिंदीत असल्या तरी घराघरांत मराठीच बोलतात. दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी, सगळ्याला नागपूर जवळ. त्यांची राजधानी भोपाळ तीनशेहून जास्त किलोमीटर दूर. हे वाचून तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल, तर नवल नाही!

सासूबाईंचे वडील तिथल्या तहसील कचेरीत कारकून होते. त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे सौंसर म्हणजे राजधानीच्या उंबऱ्यावरचं गाव. मग १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला हलली. त्याच दिवशी आपला बेळगाव जिल्हाही म्हैसूर राज्यात आला. सासूबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. वडिलांनी नागपूर धरलं, दोन-तीन वर्षांत घर विकलं आणि पुढं कोल्हापूरच्या एका मावशीच्या ओळखीनं त्यांचं स्थळ निपाणीत, तंबाखूच्या वखारीतल्या हिशेबनिसाकडं जमलं. सौंसरला परत जाण्याचं कारणच उरलं नाही.

नव्या नवरीचा एक किस्सा आमच्या घरी अजून सांगतात. स्वयंपाक करताना त्यांनी दिराला सांगितलं, "थोडा सांबार आणून द्या." दीर शेजारच्या कानडी घरातून वाटीभर गरम सांबार घेऊन आला. त्यांना हवी होती कोथिंबीर! तिकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सगळे हसले, त्याही हसल्या. पण नंतर तो शब्द त्यांनी कधी वापरला नाही. कोथिंबीर म्हणायला लागल्या, शेजारी गेल्या की कोतंबरी.

माझी मुलगी नोकरीसाठी नागपूरला गेली आणि घरात सौंसरचा विषय निघू लागला. गेल्या वर्षी दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस जाऊन आले असते." इतकंच. पुण्याच्या दिरांचा फोन आला, "आईला त्रास कशाला? तिथं आहे कोण आता?" माझे यजमान म्हणाले, "बघू."

या 'बघू'नं मात्र मी अस्वस्थ झाले. माझं माहेर गडहिंग्लज. पण माझी आई हुक्केरीची, कानडी. मध्ये फक्त संकेश्वर, तासाभराचा रस्ता. आजी-आजोबा गेले, मामा गाव सोडून गेला, मग आईचं जाणं थांबलं. ती कधी म्हणाली की बाबा म्हणायचे, "बघू." ती स्वतःच हसून त्याचं कानडी करायची, "नोडोण." परीक्षा संपू दे, नोडोण. पाऊस उघडू दे, नोडोण. २०११ साली आई गेली. तासाभराचा रस्ता होता हो! अडवलं कोणीच नव्हतं, म्हणूनच राहून गेलं. तेव्हा यावेळी मी कॅलेंडर घेऊन बसले.

उन्हाळा तर आधीच बाद. त्या भागातला मे सोसवणारा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीवर गोटमार असते, पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड फेकतात. दर वर्षी माणसं जखमी होतात, तरी ती बंद होत नाही. पांढुर्णा सौंसरहून पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण त्या दिवशी त्या बाजूला फिरकूच नये असं माझं मत. सौंसरजवळच जामसावळीला झोपलेल्या मारुतीचं देऊळ आहे, तिथं मंगळवार-शनिवारी गर्दी उसळते. आपल्याला हवी शांतता, म्हणून ते दोन वारही सोडले. डिसेंबर बरा. थंडी असते आणि आंबिया बहराची संत्री असतात. मात्र डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन असतं, रस्ते अडतात, लॉज भरतात. आम्हाला मुलीचं घर होतं म्हणून निभावलं. तुम्ही जाणार असाल तर तारखा बघून जा.

मग वाद झाला तो गाडी की रेल्वे यावर. मुलगी म्हणाली, कार करू, आजीला दारात उतरवू. डॉक्टरांनीही दोन तास बसायला हरकत नाही म्हटलं होतं. पण सासूबाईंना रेल्वेच हवी. त्यांच्या आठवणीतली छिंदवाड्याची छोटी गाडी, अडीच फुटी रुळांवरची, चढाला लागली की माणसाच्या चालीनं जाणारी. नागपूरला उतरल्यावर केसांतून कोळशाची कणी निघायची म्हणे. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली आणि रूळ रुंद झाले. आता इतवारीहून मोठी गाडी जाते, केळोद, लोधीखेडा करत सौंसरला. "ती छोटी गाडी नाही आता," मी सांगितलं. म्हणाल्या, "मी तरी कुठं छोटी राहिले?"

शेवटी तडजोड झाली. जाताना रेल्वे, येताना कार, आणि कार सौंसर स्टेशनवर आधीच थांबलेली. गाड्या मोजक्याच आहेत आणि वेळा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय निघू नका. मुलीनं वहीत यादी केली: औषधं, उशी, घडीची खुर्ची, शाल, दशम्या. सासूबाईंनी एकच भर घातली, "नवी साडी."

कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं नागपूर गाठलं, दोन दिवस विश्रांती घेतली आणि बुधवारी निघालो. गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि फारसं बोलल्या नाहीत. कापसाची शेतं, मग संत्र्याच्या बागा. मला वाटलं होतं, स्टेशन येताच त्यांना भरून येईल. तसं काही झालं नाही. नवा फलाट बघून म्हणाल्या, "हे कुठलं?"

घराचंही तेच. कचेरीच्या मागची गल्ली, दारात लिंब, एवढीच खूण. त्या भागात तीन-तीन मजले झालेत, खाली मोबाइलची आणि कपड्यांची दुकानं. तीन गल्ल्या फिरलो. प्रत्येक ठिकाणी खुर्ची उघडायची, त्यांनी बसायचं, बघायचं आणि म्हणायचं, "इथं नाही." चौथ्यांदा मी खुर्ची उघडायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. चहा पिऊ." मला दिरांचं वाक्य आठवलं, आणि खरं सांगते, क्षणभर पटलंही.

चहाच्या टपरीपुढं एक बाई भाजी घेऊन बसली होती. सासूबाई उठल्या, माझा हात न धरता चार पावलं गेल्या आणि वाकून विचारलं, "सांबार कसा देला वं?"

भाजीवालीनं काही न विचारता कोथिंबिरीची जुडी उचलून त्यांच्या हातात दिली.

साठ वर्षांनी. मी तिथंच उभी राहिले, मुलीनं माझा दंड धरला. सासूबाई मात्र भाव करत होत्या, तेही इतक्या झरझर त्यांच्या बोलीत, की मला निम्मं कळेना. "कोणाकडच्या तुमी, आजी?" भाजीवालीनं विचारलं. त्यांनी वडिलांचं आडनाव सांगितलं, कचेरी सांगितली. तिला काही माहीत नव्हतं. तिचा जन्मच कितीतरी नंतरचा. तरी दोघी पाव तास बोलत होत्या. आम्ही पाच जुड्या घेतल्या. पाच जुड्यांचं काय करणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

परतताना जामसावळीला कारमधूनच हात जोडले. संत्री रस्त्यालाच घेतली. सावनेर यायच्या आत त्या झोपल्या, जुड्या मांडीवर. रात्री नागपूरला त्यांनी मुलीला सांबारवडी कशी वळायची ते खुर्चीत बसून शिकवलं, आणि ती बिघडली तेव्हा नेहमीसारखं रागावल्याही.

महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये परत येताना, पुणं मागं पडल्यावर कधीतरी, त्यांनी मला विचारलं, "तुझ्या आईचं घर हुक्केरीत कुठल्या गल्लीत होतं?"

मला सांगता आलं नाही. आठ-नऊ वर्षांची असताना गेले होते. अंगणात दगडी द्रोणी होती आणि गाय होती, एवढंच आठवतं. गल्ली कोणती, माहीत नाही. संकेश्वरला आईची एक चुलत बहीण आहे, तिचंही वय ऐंशीच्या पुढं. तिला माहीत असेल. तिचा नंबर माझ्याकडं नव्हता. कोल्हापूर यायच्या आत मुलीला फोन करून तो शोधायला सांगितला आहे.